सहा गॅलनचा हीटर, चार माणसं आणि नरकचतुर्दशी

मुक्कामपोस्ट

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नवरा-बायको ट्रॅव्हल ट्रेलरमध्येच, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायच्या घरातच राहतो. दोघांचंही काम लॅपटॉपवर, त्यामुळे घर कुठेही उभं केलं तरी चालतं. सध्या मुक्काम ॲरिझोनात, फ्लॅगस्टाफजवळच्या एका आरव्ही पार्कात (आरव्ही म्हणजे अशी फिरती घरं). जागा महिन्याच्या भाड्याने घेतलीय. वीज, पाणी, सांडपाणी, तिन्ही जोडण्या आहेत. ट्रेलर २६ फुटी, कुणीतरी वापरून विकलेला. पाण्याचा हीटर सहा गॅलनचा, म्हणजे साधारण २३ लिटर. गॅसवरही चालतो आणि विजेवरही.

दोघांचं आजवर भागत होतं. आता सांगलीहून सासू-सासरे आलेत. सासऱ्यांची अंघोळ पहाटे पाचला, त्यात बदल नाही. सासूबाईंना दिवसाआड केस धुवायचे असतात. त्यानंतर नवरा जातो आणि ओरडत बाहेर येतो. माझा नंबर लागेपर्यंत पाणी गारच. पुढच्या आठवड्यात नरकचतुर्दशी आहे, पहाटे चौघांची तेल-उटणं लावून अभ्यंगस्नानं व्हायची आहेत. इथे समुद्रसपाटीपासून २,१०० मीटर उंची आहे, रात्री पारा शून्याखाली जातो.

दहा गॅलनचा हीटर बसवावा का? की टाकी नसलेला, लागेल तसं पाणी तापवणारा? अनुभवी लोकांनी सांगावं.

लोखंडी_तवा

खर्चात पडण्याआधी एक सांगा: पाणी पुरत नाहीये की मुळात तापतच नाहीये? दुखणी वेगळी आहेत. सकाळी कुणी वापरायच्या आधी स्वयंपाकघरातला फक्त गरम नळ सोडा, गार पूर्ण बंद. मिनिटभर वाहू द्या आणि कपात धरून थर्मामीटर घाला. हात घालून बघू नका. ५५ ते ६० अंश सेल्सियस यायला हवं. त्याहून बरंच कमी आलं तर टाकी कितीही मोठी आणा, रडगाणं तेच राहणार.

मुक्कामपोस्ट

पाकाचा थर्मामीटर आहे. ४४ आलं!

लोखंडी_तवा

मग कुठेतरी गार पाणी घुसतंय. दोन जागा बघा.

एक, हीटरच्या मागच्या बाजूचा बायपास. हिवाळ्यात ट्रेलर बंद ठेवताना पाइपांत गुलाबी अँटीफ्रीझ (थंडीत न गोठणारं द्रव) भरतात. ते सहा गॅलनच्या टाकीत फुकट जाऊ नये म्हणून टाकीला वळसा घालणारा एक व्हॉल्व्ह असतो. तो अर्धवट उघडा राहिला की गार पाणी टाकीत न जाताच गरम लायनीत येतं.

दोन, ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला छोट्या दारामागे शॉवर असतो, पाय धुवायला, कुत्रं धुवायला. त्याचे गरम-गार दोन्ही नळ उघडे ठेवून लोक नुसतं शॉवरच्या दांड्यावरचं बटण दाबून बंद करतात. पाणी बाहेर येत नाही म्हणून सगळं बंद आहे असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे दोन्ही लायनी एकमेकींना मिळालेल्या असतात, आणि आत कुणी गरम नळ सोडला की त्या वाटेने गार पाणी गरम लायनीत शिरतं. 'पाणी कोमटच येतं' अशा निम्म्या तक्रारींचं मूळ मी तरी इथेच पाहिलंय.

गारवा_नको

दहा गॅलनवाला घ्या सरळ. आम्ही घेतला, सुखी आहोत.

लोखंडी_तवा

@गारवा_नको, सहाच्या जागेत दहाचा हीटर बसत नाही. भिंतीतलं भोक मोठं करावं लागतं, आतलं कपाट कापावं लागतं, वजन वाढतं ते वेगळं. तुमच्या गाडीत तो मुळातला असेल.

मुक्कामपोस्ट

तवा, साष्टांग नमस्कार. बाहेरच्या शॉवरचे दोन्ही नळ पूर्ण उघडे होते! आम्ही ते दार कधी उघडलंच नव्हतं. ज्यांच्याकडून ट्रेलर घेतला त्यांनी 'सगळं तपासून दिलंय' म्हणून कागदावर सही घेतली होती. नळ बंद केल्यावर ५७ अंश आलं.

आता तिसऱ्या माणसापर्यंत पाणी पोचतंय. चौथ्याचं, म्हणजे माझं, काय?

फिरस्ता_काका

आता गणित मांडू. २३ लिटर पाणी १२ अंशांवरून ६० वर न्यायला सव्वा युनिटच्या आसपास ऊर्जा लागते. तुमच्या हीटरचा विजेचा एलिमेंट बहुतेक १,४४० वॉटचा असेल, म्हणजे त्याला पाऊण-एक तास हवा. गॅसचा बर्नर ताशी १२,००० बीटीयूचा (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक), म्हणजे साधारण साडेतीन हजार वॉटचा. पाव उष्णता धुराड्यातून गेली असं धरलं तरी अर्ध्या तासाच्या आसपास काम होतं. आणि बऱ्याच जणांना माहीत नसतं की दोन्ही बटणं एकदम लावता येतात. मग वीसेक मिनिटांत टाकी पुन्हा तापते.

तेव्हा तुमचा प्रश्न टाकीचा कमी आणि वेळापत्रकाचा जास्त आहे. दोघांच्या अंघोळी झाल्या की वीस मिनिटं चहा, मग उरलेले दोघं. सासऱ्यांना पाचला जाऊ द्या. ते बाहेर येऊन स्तोत्र म्हणेपर्यंत पाणी तयार.

एक सावधगिरी. तुमची जोडणी ३० अँपिअरची असेल तर १२० व्होल्टला जेमतेम ३,६०० वॉट मिळतात. हीटरचा एलिमेंट, खोली गरम करायचा विजेचा हीटर आणि मायक्रोवेव्ह एकदम लागले की ब्रेकर पडलाच. पहाटे अंधारात विजेच्या खांबापाशी जाऊन ब्रेकर चढवणं मला तरी आवडत नाही. अंघोळीच्या तासात बाकीचं बंद ठेवा.

आणि टाकीत पाणी आहे याची खात्री झाल्याशिवाय विजेचं बटण कधीही लावू नका. कोरडा एलिमेंट बघता बघता जळतो. गरम नळ सोडून अखंड धार येतेय हे बघायचं आणि मगच बटण.

चिऊताई_ओहायो

एवढ्या कटकटी करण्यापेक्षा दिवाळीपुरतं हॉटेल घ्या की. हलकेच घ्या.

मुक्कामपोस्ट

@चिऊताई, सुचवून झालं. सासरे म्हणाले, 'घर असताना दिवाळीला लॉजवर कशाला?' त्यांनी ट्रेलरला घर म्हटलं याचाच मला इतका आनंद झाला की विषय तिथेच सोडला.

तांब्याबादली

मला आश्चर्य वाटतं की इतके प्रतिसाद होऊनही बादलीचं नाव कुणी काढलं नाही! अहो, अमेरिकेत शॉवरला कायद्याची मर्यादा मिनिटाला अडीच गॅलन, म्हणजे साडेनऊ लिटर. जुना शॉवर असेल तर पाच मिनिटांत पन्नास लिटरच्या जवळ. माझी अंघोळ पंधरा लिटरच्या बादलीत डोक्यासकट होते. त्यात कढत पाणी नऊ लिटर, बाकी विसण. म्हणजे एका टाकीत दोन अंघोळी ऐसपैस, तिसरी थोडी हात आखडून. तुमच्या सासऱ्यांना बादली दिली तर ते उलट खूश होतील.

मुक्कामपोस्ट

त्यांनी पहिल्याच दिवशी मागितली होती. पण शॉवरची जागा एवढीशी, त्यात बादली ठेवली की माणूस कुठे ठेवू?

फिरस्ता_काका

बादलीला माझा पाठिंबा आहे, पण जपून. आरव्हीच्या शॉवरचा तळ पातळ प्लास्टिकचा किंवा फायबरचा असतो आणि बऱ्याच गाड्यांत त्याखाली नीट आधार नसतो. उभ्या माणसाचं वजन पायांवर पसरतं. चार बारीक पायांच्या स्टुलावर बसलेल्या माणसाचं वजन चार टिंबांवर येतं. तडा गेला की पाणी खालच्या लाकडात मुरतं, आणि ते कळतं तेव्हा जमीन मऊ झालेली असते. लाकडी पट्ट्यांची जाळी मिळते ती तळावर टाका, स्टूल रुंद बुडाचं घ्या. बादली अर्धी भरून आत न्यायची आणि तिथेच शॉवरच्या दांड्याने भरायची. भरलेली पंधरा लिटरची बादली उंबऱ्यावरून आत आदळू नका.

तांब्याबादली

मान्य. आम्ही बादली कमोडच्या बंद झाकणावर ठेवतो. अंघोळ करणारा शॉवरच्या तळावर उभा, तांब्या हाताशी. झाकण मजबूत आहे का ते आधी बघून घ्यावं.

रात्रपाळी

मी ट्रॅव्हल नर्स आहे. तेरा आठवड्यांचं कंत्राट, मग दुसरं शहर. एकटीच राहते त्यामुळे तुमच्यासारखी रांग नाही, पण हिवाळ्यात कंत्राटांच्या मधे क्वार्टझ्साइटला वाळवंटात जाऊन राहते. तिथे जोडणी कसलीच नाही. अशा ठिकाणी गरम पाण्याची फिकीर सगळ्यात शेवटी येते. आधी संपतं ते टाकीतलं पाणी, किंवा आधी भरते ती सांडपाण्याची टाकी.

म्हणून मुक्कामपोस्टताई, तुमच्या पार्कात सांडपाण्याची जोडणी आहे हे मोठं भाग्य समजा. माझी ग्रे टाकी (शॉवर-सिंकच्या सांडपाण्याची) ३० गॅलनची, म्हणजे ११० लिटरच्या वर थोडी. ती भरली की पाणी उलटं येतं, आणि येतं सगळ्यात खालच्या भोकातून, म्हणजे शॉवरमधून. आदल्या रात्रीच्या आमटीचा वास घोट्यापर्यंत.

माझी पद्धत: अंग ओलं करायचं, पाणी बंद, साबण, पाणी चालू, संपलं. बटणाचा शॉवर घेतलाय. बटण बंद केल्यावरही त्यातून बारीक धार येत राहते, ती मुद्दाम ठेवलेली असते. अनेक जण 'गळतो' म्हणून बदलून आणतात. ती धार नसेल तर पुन्हा चालू करताना आधी गार, मग एकदम कढत असे झटके बसतात.

गरम पाणी येईपर्यंत पाइपातलं गार पाणी वाहून जातं, ते मी जगमध्ये धरते. माझ्या गाडीत दीड-दोन लिटर निघतं. कणीक, भाज्या धुणं, नाहीतर फ्लशला.

विजेचा एलिमेंट तिथे विसरा. इन्व्हर्टरवर चालवला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १२० अँपिअरच्या वर ओढतो. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी एका टाकीतच आडवी. गॅस मात्र पाण्याला फार लागत नाही. २० पौंडी सिलिंडरमध्ये सव्वाचार लाख बीटीयूच्या आसपास असतात, आणि सहा गॅलनची टाकी एकदा तापवायला पाच-सहा हजार. रोज दोनदा तापवलं तरी महिना निघतो. गॅस खाते ती खोली गरम करणारी फर्नेस, आणि शिव्या खातो बिचारा पाण्याचा हीटर.

गारवा_नको

टाकी नसलेल्या हीटरबद्दल कुणी बोलेल का? पाणी संपतच नाही म्हणतात.

लोखंडी_तवा

पाणी संपत नाही हे खरं, पण जोडण्या असलेल्या पार्कात. त्याला पेटायला पाण्याचा ठरावीक किमान प्रवाह लागतो. रात्रपाळी म्हणतात तशी थांबून-थांबून अंघोळ केली तर दर वेळी तो विझतो, पुन्हा पेटतो आणि मधे गार पाण्याची पट्टी येते. काही नव्या मॉडेलांत यावर उपाय केलेत, पण किंमत ऐकून बसायला होतं. शिवाय बर्नर चाळीस ते साठ हजार बीटीयूचा असतो. आणि 'संपत नाही' म्हटलं की माणसं आत रेंगाळतात, मग ग्रे टाकीचं काय होतं ते वर आलंच आहे. महिनोन्‌महिने जोडणीवर राहणाऱ्यांनी जरूर घ्यावा. फिरणाऱ्यांनी सहा गॅलनशी जमवून घ्यावं असं माझं मत.

उकडीचा_मोदक

भांड्यांचं कुणी विचारलंच नाही. आमच्याकडे अंघोळीपेक्षा भांड्यांना जास्त गरम पाणी जातं. माझे नियम: भांडं सिंकमध्ये जाण्याआधी कागदाने पुसायचं. फोडणीचं तेल, डाळीचा साका ग्रे टाकीत गेला की उन्हाळ्यात टाकी बोलायला लागते. दुसरं, कुकर उघडल्यावर तळाशी जे उकळीचं पाणी उरतं ते ओतून द्यायचं नाही. दोन मोठे कप तरी असतं. त्यात थोडं गार मिसळून साबणाचे दोन थेंब, आणि तेवढ्यात ताटं-वाट्या होतात. नळाचं पाणी फक्त विसळायला. कढई मात्र त्यात धुवायची नाही, ती शेवटी.

रात्रपाळी

@उकडीचा_मोदक, कुकरच्या पाण्याला +१. मी भाताच्या कुकरवर दुसरं भांडं ठेवून पाणी कोमट करते.

सह्याद्री_कॅम्पर

थोडं अवांतर. मी पुण्यात एका मोठ्या व्हॅनचा कॅम्पर करून घेतोय. अमेरिकेतले हीटर इथे आणणं महाग पडतं. इथे मिळणारा घरगुती गॅस गीझर मागच्या छोट्या बाथरूममध्ये लावला तर? लहान सिलिंडरवर छान चालतो म्हणे.

फिरस्ता_काका

नका लावू. हे अवांतर नाही, सगळ्यात महत्त्वाचं आहे. आरव्हीच्या हीटरचा बर्नर बाहेरच्या बाजूने हवा घेतो आणि धूर बाहेरच सोडतो. आतल्या हवेशी त्याचा संबंध नसतो. घरगुती गॅस गीझर खोलीतलीच हवा वापरतो आणि धूरही तिथेच सोडतो. बंद बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. व्हॅन तर घरातल्या बाथरूमपेक्षाही लहान. मुक्कामी वीज मिळणार असेल तर छोटा साठवणीचा गीझर बरा, नाहीतर गाडीबाहेर उघड्यावर पाणी तापवून बादलीत. आणि आत कसलाही गॅस असला तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

सह्याद्री_कॅम्पर

बरं झालं विचारलं. रद्द. अलार्म आजच मागवतो.

कोल्हापुरी_इन_डेन्व्हर

काका, एक शंका. आमच्या हीटरच्या बाहेरच्या झाकणातून पाणी तापताना थेंब-थेंब गळतं. सेफ्टी व्हॉल्व्ह गेला का?

फिरस्ता_काका

बहुतेक नाही. पाणी तापलं की फुगतं. टाकीत वरच्या बाजूला हवेचा कप्पा असतो, तो हे फुगणं सामावून घेतो. वापरता वापरता ती हवा पाण्यात विरते आणि कप्पा नाहीसा होतो. मग दाब व्हॉल्व्हमधून वाट काढतो. हीटर बंद करून पाणी पूर्ण गार होऊ द्या. पंप आणि बाहेरून येणारं पाणी बंद करा. आतला एक गरम नळ उघडा. मग व्हॉल्व्हचा दांडा उचलून पाणी यायचं थांबेपर्यंत धरा, सोडा, नळ बंद करा. हवा परत भरली. एवढं करूनही गळलं तर व्हॉल्व्ह बदला. त्याला बूच मारायचा विचारही करू नका. टाकी फुटू नये म्हणून आहे तो.

डेन्व्हरला आहात म्हणून सांगतो: उंचीवर हवा विरळ, ज्योत पिवळी आणि आळशी दिसू शकते. बर्नरच्या नळीत कोळ्याचं जाळंही बघा. गॅसला वास यावा म्हणून जे घालतात त्याकडे कोळी आकर्षित होतात म्हणे. कारण काहीही असो, जाळं सापडतं. झाकणावर बारीक जाळी लावून टाका.

मुक्कामपोस्ट

दिवाळीच्या शुभेच्छा, मंडळी! वृत्तांत देते.

आदल्या रात्री काकांच्या सांगण्याप्रमाणे दोन्ही बटणं लावायची ठरवली. थंडीचा अंदाज बघून बाहेरची पाण्याची नळी रात्रीच काढून रिकामी केली. आतली टाकी भरून घेतली आणि पहाटे पंपावर काम चालवलं. शेजाऱ्यांची नळी सकाळी काठीसारखी कडक झाली होती. पहाटे खोलीचा हीटर बंद, मायक्रोवेव्हला कुणी हात लावायचा नाही अशी ताकीद. ब्रेकर पडला नाही.

सासरे बादलीने, सासूबाई शॉवरने, पण केस आदल्या दिवशी धुऊन. त्यांनीच काढलेली तोड. मग फराळ, मग नवरा बादलीने, शेवटी मी, आणि मला *कढत* पाणी मिळालं. बाहेर अजून अंधार होता. कारीट मिळालं नाही, सासऱ्यांनी पायरीशी एक छोटा टोमॅटो फोडला.

आता नवी भानगड. चौघांचं तेल आणि उटणं त्या इवल्याशा जाळीतून गेलंय. कालपासून शॉवरचं पाणी हळू उतरतं. नळी साफ करायची रसायनं आरव्हीत चालतात का?

लोखंडी_तवा

घरची तीव्र रसायनं नकोत. प्लास्टिकचे सांधे आणि टाकीचे रबरी सील खराब होतात. आधी तळाची जाळी काढा, केस आणि उटण्याचा लगदा तिथेच अडकलेला असतो. प्लास्टिकची दातेरी पट्टी मिळते ती घालून ओढा. मग गरम पाणी आणि भांड्यांचा साबण, उकळतं नाही. अर्धा तास थांबून पुन्हा. तरी नाही उतरलं तर खालच्या ट्रॅपपर्यंत (नळीच्या वाकड्या भागापर्यंत) पोचायला एखादं झाकण आहे का बघा, बहुतेक पलंगाच्या किंवा पायरीच्या खाली असतं.

पाडव्याला पुन्हा उटणं असेल तर जाळीवर जुन्या ओढणीचा तुकडा बांधा.

मुक्कामपोस्ट

साबण-पाण्याने उतरलं. ओढणी सासूबाईंनी आधीच फाडून ठेवली आहे.